‘फोनी’ आणि ‘थोर’ : दोन तरुण निवेदक व त्यांचे प्रौढ जग

जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) या दोन कादंबऱ्यांची नावे मराठी समीक्षेत एकत्र उच्चारली जाऊ लागल्याला आता बराच काळ लोटला आहे. दोन्हींचा निवेदक तरुण आहे, दोघेही शिक्षणसंस्थेत अपयशी ठरतात, दोघांनाही भोवतालची प्रौढ माणसे पोकळ वाटतात आणि दोघेही प्रमाण ग्रंथभाषेला बाजूला सारून बोलीच्या लयीत आपली हकीकत सांगतात. ही साम्ये इतकी ठळक आहेत की चर्चा बहुधा प्रभावाच्या प्रश्नापाशीच अडकून राहिली. एका पक्षाने उसनवारीचा संशय घेतला, दुसऱ्याने ‘कोसला’चे अस्सल देशीपण पुढे करून तो फेटाळला. या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता गृहीत धरली : ती म्हणजे होल्डन कॉलफील्डला खुपणारे प्रौढ जग आणि पांडुरंग सांगवीकरला खुपणारे प्रौढ जग एकच आहे. प्रत्यक्षात या दोन जगांचा वरवरपणा दोन भिन्न प्रकारचा आहे, आणि हा भेद दोन्ही निवेदकांच्या आवडत्या शब्दांतच सर्वांत स्पष्टपणे उमटलेला आहे.

प्रथम होल्डनचे जग पाहू. पेन्सिल्व्हेनियातील पेन्सी नावाच्या खाजगी निवासी शाळेतून त्याला काढून टाकण्यात आले आहे. पाच विषयांपैकी चारांत तो नापास आहे, उत्तीर्ण आहे तो फक्त इंग्रजीत. नाताळच्या सुटीच्या तोंडावर, घरी पत्र पोहोचण्याआधीचे दोन-तीन दिवस तो न्यूयॉर्कमध्ये एकटा भटकतो. एवढाच कथाकाल. या अल्प अवधीत त्याच्या दृष्टीस पडणारी जवळपास प्रत्येक प्रौढ व्यक्ती काहीतरी वठवीत असते. पेन्सीच्या जाहिरातीत घोड्यावर स्वार झालेला तरुण कुंपण ओलांडताना दाखवलेला असतो, पण शाळेच्या परिसरात घोडा कधी कोणी पाहिलेला नाही. अंत्यविधीच्या व्यवसायात गबर झालेले ऑसेनबर्गर हे माजी विद्यार्थी शाळेला देणगी देतात, वसतिगृहाच्या एका भागाला त्यांचे नाव पडते आणि प्रार्थनागृहात ते आपल्या ईश्वरनिष्ठेविषयी भाषण करतात. होल्डनच्या आधीच्या शाळेचे मुख्याध्यापक हास हे श्रीमंत दिसणाऱ्या पालकांशी अर्धा तास हसून बोलतात, पण ज्याची आई जाडी आहे किंवा बापाचे कपडे जुन्या धाटणीचे आहेत अशा मुलाच्या पालकांचा केवळ हात हलवून पुढे सरकतात. ही उदाहरणे विनोदी असली तरी त्यांच्यामागे एक सुसंगत निरीक्षण आहे. जाहिरात, देणगी, भाषण, हस्तांदोलन : युद्धोत्तर अमेरिकेतील सुखवस्तू वर्गाने आपली प्रतिष्ठा ज्या साधनांनी उभी केली, त्यांचीच ही यादी आहे.

या सर्वांसाठी होल्डन ‘फोनी’ हा एकच शब्द वापरतो. मराठीत त्याला ‘दांभिक’ म्हटले की तो अकारण गंभीर होतो, ‘नकली’ म्हटले की वस्तूला लागू पडतो, माणसाला अर्धाच. ‘ढोंगी’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, पण ढोंगामध्ये फसवण्याचा हेतू असतो, आणि होल्डनची फोनी माणसे पुष्कळदा कोणाला फसवू पाहत नसतात. आपण जे वठवीत आहोत तेच आपण आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. नाटकाच्या मध्यंतरात सॅली हेजला भेटलेला तो ओळखीचा तरुण, लंट दांपत्याच्या अभिनयावर आपले मत देताना, खोटे बोलत नाही. त्याच्याजवळ त्याहून वेगळे असे मतच नाही.

‘फोनी’ हा आरोपाचा शब्द आहे. तो उच्चारताच जगाचे दोन भाग पडतात. एका बाजूला तो शब्द ज्यांना लागतो ते, दुसऱ्या बाजूला तो उच्चारणारा. सॅलिंजर यांच्या कलेचे मर्म असे की त्यांनी ही विभागणी होल्डनला मनापासून करू दिली आणि त्याच वेळी ती वाचकासमोर ढासळू दिली. गाडीत भेटलेल्या एका वर्गबंधूच्या आईला होल्डन आपले नाव खोटे सांगतो (ते वसतिगृहाच्या झाडूवाल्या कर्मचाऱ्याचे असते), तिच्या खडूस मुलाची तोंडभर स्तुती करतो आणि मेंदूत गाठ झाल्यामुळे आपण लवकर घरी निघालो आहोत असे ठोकून देतो. चित्रपटांचा त्याला तिटकारा आहे. हॉलिवूडसाठी लिहू लागलेल्या आपल्या भावाविषयी, डी. बी.विषयी, तो कडवटपणे बोलतो. पण हॉटेलातील लिफ्टचालक मॉरिसने मारहाण केल्यावर होल्डन पोटात गोळी लागलेल्या चित्रपटातील नायकासारखा खोलीभर लटपटत चालून दाखवतो, पाहणारे कोणी नसताना. आपण अट्टल खोटारडे आहोत हे तो स्वतःच सांगून टाकतो. तेव्हा होल्डनला सत्याचा निर्मळ पुरस्कर्ता समजणारे वाचन, आणि वर्गात हेच वाचन सर्वाधिक चालते, कादंबरीच्या निम्म्या भागाकडे पाठ फिरवते. १९६० मध्ये अमेरिकेतील टल्सा येथे ही कादंबरी अभ्यासास लावल्याबद्दल एका शिक्षिकेला नोकरीतून काढण्यात आले व पुढे परत घेण्यात आले. ज्यांनी काढले त्यांनीही होल्डनचे म्हणणे शब्दशः घेतले होते असे म्हणावे लागेल.

मात्र होल्डनपाशी एक आश्रयस्थान आहे. बालपण हे ते स्थान होय. त्याचा धाकटा भाऊ ॲली रक्तकर्करोगाने वारला, तेव्हा होल्डन तेरा वर्षांचा होता. त्या रात्री त्याने गॅरेजच्या खिडक्यांच्या काचा मुठीने फोडल्या. ॲलीचा बेसबॉलचा हातमोजा, ज्यावर त्याने हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या, होल्डन जपून बाळगतो. ॲली मोठा होणार नाही, म्हणून तो कधी ‘फोनी’ही होणार नाही. निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयाविषयीची होल्डनची ओढ याच जातीची आहे. काचेआड ठेवलेले एस्किमो, हरणे, पक्षी वर्षानुवर्षे जिथल्या तिथे असतात, बदलतो तो पाहणारा. राय नावाच्या धान्याच्या शेतात खेळणारी मुले कड्यावरून खाली पडू नयेत म्हणून त्यांना झेलणारा माणूस व्हावे, हे त्याचे प्रसिद्ध स्वप्नही त्याच इच्छेचे रूप आहे. ते स्वप्न रॉबर्ट बर्न्सच्या एका गीतातील शब्द चुकीचा ऐकल्यामुळे निर्माण झालेले आहे, आणि ती चूक दाखवून देते ती त्याची दहा वर्षांची बहीण फीबी. मुलांचे रक्षण करू पाहणाऱ्याला एक मूल दुरुस्त करते. कादंबरीतील सर्वांत शहाणे बोल या मुलीच्या वाट्याला आले आहेत. शेवटी फिरत्या चक्रावर बसलेली मुले सोनेरी कडी पकडण्यासाठी वाकतात, पडतील अशी भीती असते, आणि होल्डन ठरवतो की त्यांना वाकू द्यावे, पडली तर पडू द्यावे. झेलणाऱ्याचे स्वप्न तो तिथे, पावसात भिजत, सोडून देतो.

पांडुरंग सांगवीकरचे प्रौढ जग याहून मुळातच निराळे आहे, आणि त्याचे पहिले कारण काळाच्या मापात आहे. होल्डनला अवघे काही दिवस मिळतात. भेटला, पाहिला, निकाल दिला. क्षणभर भेटलेल्या माणसाचा वरवरपणा एका दृष्टिक्षेपात टिपता येतो. ‘कोसला’त खेड्यातील बालपणापासून पुण्यातील कॉलेजची सगळी वर्षे आणि पुन्हा खेडे, असा लांब पल्ला आहे. इतका काळ ज्या जगात काढायचा, त्याला केवळ नाव ठेवून भागत नाही. त्यात उतरावे लागते. पांडुरंग उतरतो. वसतिगृहाच्या मेसचा कारभार, कॉलेजातील मंडळे व त्यांची पदे, स्नेहसंमेलन, मित्रांचा गोतावळा यांत तो सुरुवातीला उत्साहाने शिरतो. कर्तबगार विद्यार्थी म्हणून आपले नाव व्हावे अशी त्याची खरीखुरी इच्छा असते. होल्डन ज्याला ‘फोनी’ म्हणून झिडकारील ते सारे पांडुरंग करून पाहतो आणि त्यात पैसा, वेळ व उमेद घालवून बसतो. त्यामुळे त्याला दिसलेली पोकळी बाहेरून पाहिलेली नाही, ती आतून अनुभवलेली आहे. जगाचे दोन भाग पाडून स्वतः एका बाजूस उभे राहण्याची सोय त्याला उरलेली नाही.

याचमुळे त्याचा शब्द वेगळा आहे. पांडुरंगच्या निवेदनात वारंवार येणारा ‘थोर’ हा शब्द आरोपाचा नाही, तो गौरवाचा आहे. मराठी शाळेच्या भिंतीवर, पाठ्यपुस्तकात, पुण्यतिथीच्या भाषणात, कॉलेजच्या वार्षिक अहवालात जो शब्द पिढ्यान्‌पिढ्या झिजला, तोच त्याने उचलला आणि कुठल्याही क्षुल्लक गोष्टीला लावून टाकला. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांचेही तसेच. ‘उदाहरणार्थ’ हा वर्गात शिकवणाऱ्याचा, सिद्धांत मांडून दाखला देणाऱ्याचा शब्द. ‘कोसला’त दाखला येतो, सिद्धांत मात्र येत नाही. ‘वगैरे’ने यादी पूर्ण होण्याचे आश्वासन मिळते, पण यादीत पुढे काही नसते. होल्डनच्या बोलण्यातही वाक्याच्या शेवटी ‘अँड ऑल’ असे लोंबते शब्द येतात आणि या दोन लकबींचे साम्य कोणाच्याही कानाला जाणवेल. तथापि होल्डनचे ‘अँड ऑल’ हे मुलाच्या संकोचाचे चिन्ह आहे. जे जास्त जवळचे आहे ते बोलून दाखवायला तो कचरतो. पांडुरंगचे ‘वगैरे’ ही प्रौढांच्याच भाषेची नक्कल आहे, आणि ती करता करता नक्कल व मूळ बोलणे यांतला फरक त्याला स्वतःला सापडेनासा होतो. ‘फोनी’ म्हणणाऱ्याला निदान एवढा विश्वास असतो की खरा शब्द कुठेतरी आहे. ‘थोर’ म्हणणाऱ्याला तो विश्वास राहिलेला नाही. त्याच्या दृष्टीने वरवरचे झाले आहे ते माणसांचे वागणे नव्हे, तर वागण्याला नावे देणारी भाषाच.

‘कोसला’मध्ये रोजनिशी, लोककथा, जुन्या गद्याचा बाज अशी अनेक रूपे एकापाठोपाठ का येतात, याचे उत्तरही येथे मिळते. प्रयोगशीलतेचे कौतुक म्हणून या रूपांची नोंद पुष्कळ झाली. पण एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणे ही निवेदकाची गरज आहे. प्रत्येक वेळी हाती असलेली भाषा अपुरी किंवा उसनी ठरते आणि तो दुसरी उचलतो. होल्डनला अशी धडपड करावी लागत नाही. त्याचा आवाज पहिल्या पृष्ठापासून शेवटच्या पृष्ठापर्यंत एकच आहे, तो आवाज हीच त्याची मिळकत आहे. एका दृष्टीने होल्डन भाग्यवान म्हणावा लागतो.

मिळकतीचा उल्लेख आला, तेव्हा पैशाकडेही पाहिले पाहिजे, कारण दोन्ही निवेदक बापाच्या पैशावर जगतात आणि दोघांनाही त्याची जाणीव आहे. होल्डनचे वडील एका मोठ्या कंपनीचे वकील आहेत. कादंबरीत ते जवळजवळ दिसतच नाहीत. होल्डनला पैसा आजीकडूनही येतो आणि तो खर्चताना त्याला फारसे कष्ट होत नाहीत. अपराधी वाटते ते पैसा अपुरा दिल्याबद्दल : उपाहारगृहात भेटलेल्या दोन जोगिणींना दहा डॉलर देऊनही आणखी द्यायला हवे होते, असे त्याला वाटत राहते. स्वस्त सूटकेस असलेल्या सहनिवासी मुलाची आठवण त्याला तेथेच येते. वर्गभेदाची ही जाण अतिशय सूक्ष्म आहे, पण ती वरून खाली पाहणाऱ्याची आहे. पांडुरंगच्या बाबतीत पैसा शेतातून येतो, घरातून निघतो आणि वडिलांच्या हातून जातो. प्रत्येक रुपयामागे एक माणूस उभा आहे, आणि तो माणूस हिशेब विचारणार आहे. शिक्षणावर हजारो रुपये खर्च होऊन हाती काही लागले नाही, ही वस्तुस्थिती पांडुरंग लपवत नाही. स्वातंत्र्यानंतर शेतकरी घरांतील जी पहिली पिढी मोठ्या शहरांतील कॉलेजांपर्यंत पोहोचली, तिचे अपयश कधीच व्यक्तिगत राहिले नाही. त्या अपयशाला घर, भाऊबंद आणि गाव साक्षीदार असे. होल्डनच्या प्रौढ जगाला चेहरे अनेक आहेत, बाप नाही. पांडुरंगच्या प्रौढ जगाला पुण्यात कितीही मुखवटे असले तरी त्या सर्वांच्या पाठीमागे एकच चेहरा आहे, बापाचा. आणि त्या बापाला ‘फोनी’ म्हणता येत नाही. तो कठोर आहे, व्यवहारी आहे, मुलाला तो असह्य वाटतो, पण तो नकली नाही. येथे पांडुरंगच्या बंडाची कोंडी होते : जे खोटे आहे त्याला त्याच्यावर अधिकार नाही, आणि ज्याचा अधिकार आहे ते खोटे नाही.

दोन्ही कादंबऱ्यांच्या गाभ्यात धाकट्या भावंडाचा मृत्यू आहे, हे साम्य सर्वांत गंभीर आहे आणि उसनवारीचा संशय घेणाऱ्यांनी त्यावरच बोट ठेवणे स्वाभाविक होते. परंतु ॲलीचा मृत्यू कादंबरी सुरू होण्यापूर्वी घडलेला आहे. तो आठवणीत स्थिर झाला आहे, त्याला हातमोज्याचे प्रतीक मिळाले आहे, आणि होल्डनच्या अवघ्या मूल्यकल्पनेचा तो आधार बनला आहे. मनीचा मृत्यू ‘कोसला’च्या चालू काळात होतो. पांडुरंग तेव्हा पुण्यात असतो, आणि बातमी त्याला दुरून कळते. जपून ठेवावी अशी वस्तू नाही, फोडायला काच नाही. होल्डनचा शोक जगाविरुद्धचा आरोप होऊ शकतो, कारण त्याच्या मते जग ॲलीच्या योग्यतेचे नव्हते. पांडुरंगच्या शोकात आरोप आहे तो घरावर, बापावर, आणि सर्वांत जास्त स्वतःवर. आपण दूर कॉलेजच्या उचापतींत गुंतलो असताना ही घटना घडली, या जाणिवेपुढे ‘थोर’, ‘वगैरे’ची सगळी कसरत थांबते. कादंबरीच्या या भागातील भाषा एकाएकी साधी होते, याची नोंद घ्यायला हवी. होल्डनला बर्न्सचे गीत, संग्रहालय, चक्र असे आधार आहेत. पांडुरंगला अजिंठ्याची लेणी आहेत. पण संग्रहालयात होल्डनला काळ थांबल्याचे समाधान मिळते, तर अजिंठ्यात बुद्धापुढे उभ्या असलेल्या पांडुरंगला दुःख थांबत नाही एवढेच कळते. दगडातील शांती ही काचेआडची सुरक्षितता नव्हे.

प्रसंगाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन्ही ठिकाणी तरुण पुरुषाच्या बंडाला नैतिक वजन येते ते धाकट्या बहिणीमुळे. फीबी जिवंत आहे, भांडते, सूटकेस घेऊन भावाबरोबर पळून जायला निघते आणि त्याला घरी परतायला भाग पाडते. मनीला असे काही करण्याची संधीच मिळत नाही. प्रौढ जगाच्या वरवरपणाशी मुलीचा सामना कसा होतो, हा प्रश्न दोन्ही कादंबऱ्यांनी विचारलेला नाही. जिथे वरवरपणा दिसण्याआधीच सक्ती दिसते, तिथे ‘फोनी’ हा शब्द कितपत पुरेल याचीही शंकाच आहे.

शिक्षकांच्या चित्रणात मात्र दोन्ही कृती पुन्हा जवळ येतात, आणि येथे सॅलिंजर अधिक खोल गेले आहेत असे म्हणावे लागते. अँटोलिनी हे होल्डनला आदर वाटणारे एकमेव प्रौढ. जेम्स कॅसल या मुलाने खिडकीतून उडी टाकली तेव्हा त्याचा देह उचलायला पुढे झालेला माणूस तोच. होल्डन रात्री त्यांच्याकडे आश्रयाला जातो, ते त्याला मनापासून उपदेश करतात आणि नंतर, तो झोपलेला असताना, त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. होल्डन घाबरून पळतो. पुढे त्याला शंका येते की आपण त्या हाताचा अर्थ चुकीचा तर लावला नाही ना. सॅलिंजर उत्तर देत नाहीत. ज्याच्याजवळ ‘फोनी’ हा तयार शब्द होता त्याला पहिल्यांदाच असा प्रौढ भेटतो, ज्याला तो शब्द लावताही येत नाही आणि टाळताही येत नाही. ‘कोसला’तील प्राध्यापकवर्ग बहुतांशी उपहासाचा विषय राहतो. पांडुरंगला अशा प्रकारे गोंधळात टाकणारा शिक्षक त्याच्या वाट्याला येत नाही, आणि तो आला असता तर पुण्यातील भागाला आणखी एक परिमाण मिळाले असते.

दोघेही अखेर परततात. होल्डन कॅलिफोर्नियातील एका आरोग्यधामातून बोलतो. तेथील मनोविश्लेषक त्याला विचारतो की पुढच्या वर्षी नव्या शाळेत तू मन लावून अभ्यास करशील का, आणि होल्डनला हा प्रश्न मूर्खपणाचा वाटतो, कारण करून पाहिल्याशिवाय काय होईल ते कोणाला कसे कळणार. तरीही ज्यांच्याविषयी सांगितले त्या सर्वांची त्याला आठवण येऊ लागते, स्ट्रॅडलेटरची, ॲकलीची, अगदी त्या मॉरिसचीसुद्धा. सांगण्यामुळे माणसे परत जवळ आली. पांडुरंग पदवीशिवाय गावी येतो. तेथे मनोविश्लेषक नाही, प्रश्न विचारणारा कोणी तिऱ्हाईत नाही. वडील आहेत, शेत आहे, दुकाने व देवळे आहेत, आणि पंचवीस वर्षांच्या मुलाने आता काय करावे हे ठरवून टाकलेली माणसे आहेत. त्यांना हकीकत ऐकायची नसते. ती तो ज्याला सांगतो तो वाचक गावाबाहेरचा आहे.